सोपाऱ्याला शलमोनाची साक्ष कशाला?

शलमोन राजाची जहाजे ओफीरला गेली आणि ४२० किक्कार सोने घेऊन आली, असे बायबलमधल्या राजांच्या पहिल्या पुस्तकात लिहिले आहे. हे ओफीर नेमके कुठले, याचा शोध शतकानुशतके चालू आहे. अरबस्तान, आफ्रिकेचा किनारा, सिंधूचे मुख अशी कितीतरी उत्तरे दिली गेली. त्यांतले एक उत्तर आपल्या दारातले आहे: नालासोपारा, म्हणजे जुने सोपारा बंदर.

बायबलच्या प्राचीन ग्रीक भाषांतरात ओफीरचे रूप ‘सोफीर’ असे येते आणि प्राचीन भूगोलकार टॉलेमी सोपाऱ्याला ‘सुपारा’ म्हणतो, हा या मताचा मुख्य आधार. ओफीरहून आलेले आल्मुग लाकूड म्हणजे चंदन, असेही काही अभ्यासक मानतात. मग विरार पूर्वेच्या चंदनसारमध्ये राहणाऱ्याला आपल्या गावाचे नावसुद्धा पुरावा वाटू लागेल. पण नाव जुळले म्हणून गाव जुळत नाही. उत्पत्तीच्या पुस्तकातल्या वंशावळीत ओफीरचे नाव शबाच्या शेजारी येते. शबा अरबस्तानातला मानला जातो, म्हणून ती खूण अरबस्तानाकडे जाते. शिवाय शलमोन इसवी सनापूर्वी दहाव्या शतकातला, तर सोपाऱ्याचा हाती असलेला सर्वांत जुना लेखी पुरावा इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकातला. मधली सातशे वर्षे अक्षरांच्या साम्याने भरून निघत नाहीत.

आणि सोपाऱ्याला या साक्षीची गरज तरी काय? १८८२ मध्ये भगवानलाल इंद्रजींनी ‘बुरूड राजाचा कोट’ म्हणून ओळखला जाणारा ढिगारा खणला, तेव्हा आत बौद्ध स्तूप निघाला. त्यातल्या दगडी पेटीत एकात एक ठेवलेले करंडक होते, सर्वांत आतला सोन्याचा. त्यात भिक्षापात्राचे तुकडे जपलेले होते. त्याच वर्षी अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा मिळाला, तर १९५६ मध्ये जवळच्या भुईगावला नवव्याचा. नाशिकच्या आणि कार्ल्याच्या लेण्यांतले लेखही या बंदराचे नाव घेतात. एवढी साक्ष किती गावांच्या वाट्याला येते?

धोका आहे तो या साक्षीचा उरलेला भाग इमारतींच्या पायाखाली कायमचा गाडला जाण्याचा. जमिनीत सापडलेली मोलाची वस्तू जिल्हाधिकाऱ्यांना कळवण्याचे बंधन १८७८ च्या निखात निधी कायद्यातच आहे. पण खापर, वीट, मणी यांचे मोल जेसीबी चालवणाऱ्याला कोण सांगणार? जुन्या सोपाऱ्याच्या परिसरात बांधकाम परवानगी देण्याआधी पुरातत्त्व खात्याकडून जागेची पाहणी झालीच पाहिजे. महापालिकेने ही अट घालावी आणि नागरिकांनी ती मागून घ्यावी. ओफीरचा निकाल इथे लागायचा असेल, तर तोही याच मातीतून लागेल. त्यासाठी आधी ती माती शिल्लक हवी.