विश्लेषण : प्रकाश टिपणारी जाळी चाकणच्या कसोटीवर का हवी?

भोसरी-चाकण पट्ट्यात कारखान्यांच्या छपरांवर सौर पॅनेल दिसतात. पॅनेल वीज देते. उन्हापासून थेट इंधन बनवण्यासाठी वेगळा पदार्थ लागतो.

हा पदार्थ कोणता?
धातूचे सांधे आणि सेंद्रिय रेणूंचे दांडे यांची सच्छिद्र, स्फटिकी जाळी. अशा जाळ्यांसाठीच कितागावा, रॉब्सन आणि याघी यांना २०२५चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले.

प्रकाश कसा टिपतात?
दांड्यांना रुथेनियमची नारिंगी संयुगे जोडतात. ती निळा प्रकाश शोषतात. ही ऊर्जा शेजारच्या संयुगांकडे सरकत उत्प्रेरकापर्यंत पोहोचली, की पाण्यातून हायड्रोजन मिळवता येतो. हे यश अजून प्रयोगशाळेपुरतेच आहे.

अडचण काय?
रुथेनियम दुर्मीळ आणि महाग. लोह स्वस्त, पण त्याच्या बहुतेक संयुगांत शोषलेली ऊर्जा क्षणार्धात विरते. शिवाय पाणी आणि सततचा प्रकाश यांत जाळी टिकली पाहिजे.

मग काय करावे?
पुण्यातील राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा आणि ‘आयसर’ येथे अशा सच्छिद्र पदार्थांवर संशोधन झाले आहे. ऊन, पाऊस, गंज यांत सुटे भाग तपासण्याची शिस्त चाकणच्या वाहन उद्योगाकडे आहे. ती या जाळ्यांनाही लावावी. अनुदानाच्या घोषणांआधी छपरावरचे दोन पावसाळे महत्त्वाचे.