खरा हौशी रेडिओ कोणता?

तळहातावर मावेल एवढा एक संच आहे. त्याच्या कडेचे बटण दाबून ग्वाल्हेरचा एखादा परवानाधारक विद्यार्थी आपले सांकेतिक नाव उच्चारतो आणि क्षणार्धात ऑस्ट्रेलियातील मेलबर्न शहरातून त्याला उत्तर येते. आवाज शेजारच्या खोलीतून यावा इतका स्वच्छ. खरखर नाही, चढउतार नाही, रात्र पडण्याची वाट पाहणे नाही. हौशी रेडिओच्या, म्हणजे ज्यास जगभर ‘हॅम रेडिओ’ म्हणतात त्या छंदाच्या क्षेत्रात असे संच आता पुष्कळ झाले आहेत. आणि त्यांच्याबरोबर एक वादही आला आहे : यास हौशी रेडिओ म्हणावे काय?

वादात पडण्यापूर्वी हा संच करतो तरी काय, हे पाहिले पाहिजे. बोलणाऱ्याचा आवाज संचातील एक चिप अंकांत बदलते. ते अंक रेडिओ लहरींवर स्वार होऊन त्याच खोलीतील मेजावर ठेवलेल्या एका चिमुकल्या पेटीकडे जातात. तिला हॉटस्पॉट म्हणतात आणि तिची शक्ती साधारणतः १० मिलिवॉट, म्हणजे एका वॉटचा शंभरावा भाग असते. तेथून पुढे सर्व प्रवास घरच्या इंटरनेटवरून, काचेच्या तंतूंतून आणि समुद्राखालील तारांतून होतो. मेलबर्नच्या गृहस्थाच्या मेजावर अशीच दुसरी पेटी असते. ती त्या अंकांची पुन्हा लहर करते. डीएमआर, डी-स्टार, फ्यूजन अशी या पद्धतींची नावे निरनिराळी असली, तरी हॉटस्पॉटमार्गे बोलताना सर्वांची गोष्ट एकच. ग्वाल्हेर ते मेलबर्न हे अंतर सुमारे दहा हजार किलोमीटरांचे. त्यांतले लहरींनी स्वतः काटलेले अंतर दोन खोल्यांएवढे.

जुन्या मंडळींचा आक्षेप येथेच आहे. ते म्हणतात, हा तर टेलिफोन झाला; फक्त त्याची दोरी काढून टाकली! नव्या मंडळींचे उत्तरही तयार असते. प्रत्येक नवी गोष्ट आली की वडीलधाऱ्यांनी नाक मुरडावयाचे, हा रिवाजच आहे. मोर्सची ‘कट्ट-कडकट्ट’ येणे ही एके काळी या छंदाची मुंजच मानली जात असे. २००३ साली जिनिव्हाच्या जागतिक परिषदेने ती आंतरराष्ट्रीय सक्ती काढून टाकली, तेव्हा छंद बुडाला असे पुष्कळांना वाटले. तो बुडाला नाही. शिवाय जे आज ‘आमच्या काळी’ म्हणून सुरू करतात, त्यांतील कितीजणांचा संच त्यांनी स्वतः डाग देऊन जोडलेला आहे? बहुतेकांचा जपानी कारखान्यातून तयार होऊन आलेला आहे. तेव्हा ‘स्वतः बांधला तोच खरा’ ही कसोटी लावली, तर दोन्हीकडची बरीच मंडळी बाहेर पडतील.

मग कसोटी कोणती? आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या नियमावलीत हौशी सेवेची व्याख्या दिलेली आहे. तिच्यात स्वशिक्षण, परस्पर संवाद आणि तांत्रिक शोध अशी तीन प्रयोजने सांगितली असून, हे सर्व अर्थलाभाची अपेक्षा न ठेवता, केवळ रेडिओ तंत्राच्या आवडीने व्हावे असे म्हटले आहे. वादात दोन्ही पक्ष मधल्या शब्दावर, म्हणजे संवादावरच भांडत राहतात. आम्हाला मात्र पहिला आणि तिसरा शब्द अधिक मोलाचा वाटतो, आणि तो का वाटतो हे सांगण्यासाठी शंभर वर्षे मागे जावे लागेल.

विसाव्या शतकाच्या आरंभी दूरच्या संदेशांसाठी लांब लहरीच उपयोगी, अशी तज्ज्ञांची समजूत होती. अमेरिकेने १९१२ च्या कायद्याने हौशी लोकांना २०० मीटर व त्याखालच्या आखूड लहरी देऊन टाकल्या. निरुपयोगी जमीन गरिबास दान करावी तशा. हौशी लोकांनी त्या जमिनीत नांगर घातला. १९२३ च्या नोव्हेंबरात फ्रान्समधील लेऑन दलुआ आणि अमेरिकेतील फ्रेड श्नेल यांनी सुमारे शंभर मीटरच्या लहरीवर अटलांटिकपलीकडे दुतर्फा संभाषण केले. पुढच्याच वर्षी, १८ ऑक्टोबर १९२४ रोजी, लंडनजवळच्या मिल हिल शाळेतील सेसिल गॉयडर या अठरा वर्षांच्या विद्यार्थ्याने शाळेच्या केंद्रावरून न्यूझीलंडच्या शॅग व्हॅलीतील फ्रँक बेल यांच्याशी संधान बांधले. अंतर सुमारे एकोणीस हजार किलोमीटर. पृथ्वीवर याहून फारसे लांब जाताच येत नाही! मधे ना तार, ना कोणाची पेटी. वर आकाशात शेकडो किलोमीटर उंचीवर असलेल्या आयनांबराने ती लहर परत खाली वळविली, आणि खाली शाळकरी मुलाने ती वळते हे दाखवून दिले. (विद्यार्थिनींनी हेही लक्षात ठेवावे की, फ्रँक बेल यांच्यामागून ते केंद्र त्यांची बहीण ब्रेंडा हिने चालविले, आणि १९२७ साली न्यूझीलंडमधून दक्षिण आफ्रिकेशी पहिला संपर्क तिनेच साधला.)

हा गॉयडर पुढे आपल्याच देशात आला. १९३६ साली तो ऑल इंडिया रेडिओचा मुख्य अभियंता झाला, आणि आपल्या आजोबा-पणजोबांनी ज्या केंद्रांवरून गाणी व बातम्या ऐकल्या त्यांतील कित्येकांची उभारणी त्याच्या देखरेखीखाली झाली. शाळेच्या छंदातून देशाच्या उपयोगी पडणारा अभियंता निघाला, तो काही केवळ न्यूझीलंडच्या माणसाशी चार शब्द बोलल्यामुळे नव्हे. लहर कोठे जाते, का जाते, केव्हा जात नाही, हे त्याने स्वतः हुडकून काढले होते.

आता आमचे मत सांगतो. हॉटस्पॉटचा हातसंच हा हौशी रेडिओच आहे. त्यास परवाना लागतो, सांकेतिक नाव लागते, आणि थोडी का होईना, लहर लागते. पण त्याने काटलेले अंतर त्याचे नव्हे. आगगाडीने पंढरीस गेलेला वारकरीही वारकरीच. मात्र त्याने आपण पायी आलो असे सांगू नये. मेलबर्नशी बोलणे झाले, हे खुशाल वहीत लिहावे. त्यापुढे लहरीचे अंतर ‘पाच मीटर’ असेही लिहावे. ज्या संचात सिम कार्ड घालून केवळ मोबाइल कंपनीच्या जाळ्यावर बोलतात, त्याची गोष्ट वेगळी. तो दिसावयास वॉकी-टॉकी असला तरी हौशी रेडिओ नव्हे, आणि त्याविषयी अधिक लिहिण्याचे कारण नाही.

नव्याचा द्वेष म्हणून आम्ही हे लिहितो, असा कोणी समज करून घेऊ नये. हे तानसेनाचे गाव आहे, आणि येथेही आता कितीतरी घरांत रियाजाला यंत्राचा तंबोरा लावतात. त्यामुळे गळा खोटा ठरत नाही. अंकीय असणे हा तर दोष मुळीच नाही. १९९३ चे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळविणारे जोसेफ टेलर हे स्वतः हॅम आहेत. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्याने २०१७ साली एफटी-८ नावाची अंकीय पद्धत काढली. तिच्यात संगणक लागतो; पण संदेश जातो तो आयनांबरावरूनच, आणि कानास ऐकूही न येणारा क्षीण संकेत ती ओळखून काढते. आपल्या इस्रोने ५ मे २००५ रोजी हॅमसॅट हा उपग्रह खास हौशी लोकांसाठी सोडला. तो २०१४ पर्यंत चालला. हेही सर्व नवेच होते.

तरी एका गोष्टीविषयी आम्हाला काळजी वाटते. समाज हौशी रेडिओवाल्यांना मान देतो तो अडचणीच्या वेळी. १९९३ चा लातूरचा भूकंप असो की २००४ ची अंदमानातील त्सुनामी, टेलिफोन मुके झाले तेव्हा हॅम मंडळींचे संच बोलत होते. आमच्याकडचीच उदाहरणे घेऊ. २ एप्रिल २०१८ रोजी बंदच्या वेळी ग्वाल्हेर, भिंड, मुरैना येथे हिंसाचार होऊन संचारबंदी लागली आणि इंटरनेट सेवा बंद करण्यात आली. त्या आज्ञेच्या योग्यायोग्यतेत आम्ही शिरत नाही. ऑगस्ट २०२१ मध्ये चंबळ-सिंधच्या मुलुखात पूर आले, सिंध नदीवरचे पूल वाहून गेले आणि श्योपूर भागात मोबाइल सेवा कोलमडली. अशा दिवशी मेजावरची ती पेटी काय कामाची? परवाना भिंतीवर टांगलेला, संच हाती, आणि श्योपूरची हाक ऐकण्याचे साधन नाही!

बरे, थेट बोलू म्हटले तर हातसंचाची लहर सरळ रेषेत जाणारी. हजिरा आणि लष्कर यांच्यामध्ये आपला किल्लाच आडवा उभा! त्यात नव्या इमारतींत राहणाऱ्या मुलांना गच्चीवर तार बांधू देत नाहीत, आणि त्यांना हॉटस्पॉट हेच एक दार उघडे असते, हे आम्ही जाणतो. त्या दारातून आत येणाऱ्यास हिणविणे हा कोतेपणा आहे. पण दाराशीच बसून राहणाऱ्यास आत बोलावणे, हे कोणाचे तरी काम असले पाहिजे, आणि ते शाळेने करावे अशी आमची सूचना आहे.

त्यासाठी फार काही लागत नाही. ७ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यासाठी दोन्ही बाजूंस दहा-दहा मीटर, अशी एकूण वीस मीटर तांब्याची तार पुरते, आणि शाळेची गच्ची तेवढी लांब आहे. बारा वर्षे पूर्ण झालेल्या मुलास परीक्षेस बसता येते. १९४८ साली याच मध्य भारतात, महू येथील लष्कराच्या सिग्नल शाळेत, देशातील हौशी रेडिओवाल्यांच्या राष्ट्रीय संस्थेची स्थापना झाली. पुढे ती दिल्लीस गेली. महू येथून सरळ रेषेत पावणेपाचशे किलोमीटरांच्या आत आहे. एवढे अंतर त्या तारेवरून, दिवसाउजेडी, इंटरनेटच्या मदतीवाचून काटता येते. पहिला प्रयत्न महूच्याच दिशेने व्हावा, आणि तोही पावसाळ्यापूर्वी.