अंगावर पाजणारी आई आणि एक पेला

बाळ अंगावर पीत असताना आईने दारू घ्यावी का? हा प्रश्न आपल्या बैठकांत सहसा निघत नाही. दारूने उद्ध्वस्त झालेले संसार आपण पाहिले आहेत. गडचिरोलीत १९९३ साली दारूबंदी आली, पुढे गावोगाव बायकांनी ‘आडव्या बाटली’ला मते दिली. त्या लढ्याचे मोल मोठेच आहे. पण पिणाऱ्या बायकाही आहेत. कुठे मोहाची दारू, कुठे गोव्याच्या घरात सणाची वाईन, कुठे शहरातल्या नोकरदार बाईचा बिअरचा ग्लास. त्यातल्या कितीतरी जणी अंगावर पाजत असतात. त्यांना आपण काय सांगणार?

आज त्यांना दोनच गोष्टी ऐकायला मिळतात. एक, ‘आई असून पितेस?’ दुसरी, ‘थोडी ब्रँडी घे, बिअर घे, दूध वाढेल.’ एकीत दटावणी, दुसरीत गैरसमज. माहिती दोन्हींत नाही.

माहिती अशी आहे. गरोदरपणात दारूचे कोणतेही प्रमाण सुरक्षित मानलेले नाही. पाजणाऱ्या आईनेही न घेणे सर्वांत सुरक्षित. पण दिवसाला एका मापापर्यंत घेतल्याने बाळाला अपाय होतो असे आढळलेले नाही. मात्र त्यानंतर निदान दोन तास थांबून पाजावे. रक्तात दारूचे जेवढे प्रमाण, साधारण तेवढेच दुधात असते. प्यायल्यावर अर्ध्या ते एक तासात ते सर्वांत जास्त असते, मग रक्ताबरोबर दुधातलेही उतरते. दूध पिळून फेकल्याने ते लवकर उतरत नाही. तान्ह्या बाळाचे यकृत कच्चे असते, म्हणून पहिल्या महिन्यांत जास्त जपावे. आणि दूध वाढत तर नाहीच. १९९१ साली अमेरिकेत ज्युली मेनेला आणि गॅरी बोशॅम्प यांनी केलेल्या अभ्यासात आईने दारू घेतल्यानंतर बाळांच्या पोटात कमी दूध गेले होते. रोज जास्त पिण्याने दूध घटते, बाळाची झोप आणि वाढ बिघडते.

आता ‘एक माप’ म्हणजे किती? सुमारे १४ ग्रॅम मद्यार्क. साध्या, पाच टक्क्यांच्या बिअरचे ते ३५५ मिलिलिटर होतात. आपल्याकडच्या आठ टक्क्यांच्या स्ट्राँग बिअरची ६५० मिलिलिटरची बाटली म्हणजे जवळजवळ तीन मापे! व्हिस्कीचा ६० मिलिलिटरचा पेग दीड मापाचा. ‘एकच घेतली’ या शब्दांना म्हणूनच अर्थ नाही. हातभट्टीचे तर मापच करता येत नाही. तिच्यात काय मिसळले आहे तेही कळत नाही. २०१५ साली मुंबईत मालवणीला विषारी दारूने शंभरावर माणसे गेली. तिथे ‘थोडी’ हा सल्ला देताच येणार नाही.

दुधाहून मोठा धोका अंथरुणात आहे. आपल्याकडे बाळ आईबापाच्या मध्ये झोपते. प्यायलेल्या माणसाच्या गाढ झोपेत बाळ दबू शकते, गुदमरू शकते. म्हणून प्यायलेल्याने, मग ती आई असो वा बाप, बाळाला कुशीत घेऊन झोपू नये. आईच्या एका पेल्याचा हिशोब मागणारे घर रात्री झिंगून बाळाशेजारी आडव्या होणाऱ्या बापाला कधी विचारते का?

पुरुषाइतके पिणे म्हणजे समानता, असे आम्ही म्हणत नाही. दारूचा धंदा बायकांना गिऱ्हाईक करू पाहतो, त्याला आपला विरोधच आहे. पण आईला दोन वर्षे नुसत्या धाकात ठेवले, तर ती घेतलेली दारू लपवते, नाहीतर घाबरून अंगावर पाजणेच सोडते. दोन्हींत नुकसान बाळाचे. खरे सांगितले, तर ती स्वतः विचार करून ठरवू शकते.

म्हणून मागणी अशी करू या: दवाखान्यात, अंगणवाडीत, आशाताईंकडून ही माहिती न दटावता मिळावी, आणि ती बापालाही सांगावी. जिला सुटत नाही, तिला पाजत्या बाळासह उपचार घेता यावेत. तिला आधी गुन्हेगार ठरवले, तर ती दारापर्यंतसुद्धा येणार नाही.