नितळ पाण्यातील विष

नदीचे पाणी नितळ दिसले व त्यास वास नसला, म्हणजे ते गुरांस पाजण्यास आणि पिकांस देण्यास योग्य, असा समज आपल्या ग्रामीण भागात दृढ आहे. घाणीच्या बाबतीत डोळा व नाक पुष्कळदा खरे सांगतात. पारा, कॅडमियम, शिसे या जड धातूंच्या बाबतीत मात्र ही इंद्रिये निरुपयोगी ठरतात. पाणी उकळल्याने जंतू मरतात, परंतु हे धातू नाहीसे होत नाहीत.

जपानमधील आगानो नदीच्या मुखाकडील गावांत 1965 साली हातपाय बधिर होणे, तोल जाणे, दृष्टीचा पल्ला आकुंचित होणे अशा विकाराचे रुग्ण आढळले. त्याचे मूळ सुमारे 60 किलोमीटर वर असलेल्या एका रासायनिक कारखान्याच्या सांडपाण्यात होते. त्यातील पारा सूक्ष्म जीवांतून लहान माशांत व लहानांतून मोठ्या माशांत साठत गेला, आणि नित्य नदीचे मासे खाणाऱ्यांच्या घरी पोचला. असा पारा माशाच्या मांसातच असतो. आतडी काढून टाकल्याने भागत नाही. कारखाना गावापासून लांब आहे, हे समाधानही फसवेच होय.

त्याच देशातील जिंझू नदीची हकीकत तर थेट शेताची आहे. कामिओका येथील खाणीतून कॅडमियम नदीत येई, पाटाने भातखाचरांत शिरे आणि तांदळावाटे पोटात जाई. हाडे ठिसूळ होऊन असह्य वेदना भोगणाऱ्यांत अनेक बाळंतपणे झालेल्या प्रौढ स्त्रियांचाच भरणा होता. तेथील डॉक्टर हागिनो यांनी 1957 साली खाणीकडे बोट दाखविले. शासनाची मान्यता 1968 साली आली. खाचरांतील दूषित माती बाजूस सारून चांगली माती घालण्याचे काम 2012 पर्यंत चालले.

या प्रकरणात मला सर्वांत मोलाची वाटते ती गोष्ट वेगळीच आहे. 1972 साली दावा जिंकल्यावर तेथील शेतकरी केवळ भरपाई घेऊन परतले नाहीत. तज्ज्ञांसह खाणीत शिरून पाहणी करण्याचा हक्क, आणि तोही कंपनीच्या खर्चाने, त्यांनी लिहून घेतला. आपल्याकडे भरपाईचे अर्ज होतात. पाहणीचा हक्क मागणारी ग्रामसभा क्वचितच आढळेल. ती मागणी आता व्हावयास हवी.

आणखी एक बाब. गाळ हे उत्तम भरखत आहे आणि 2017 पासून राज्यात धरणातील गाळ शिवारात नेण्याची योजनाही निघाली. तथापि जड धातू पाण्यापेक्षा गाळातच अधिक साठतात. म्हणून औद्योगिक वसाहतीच्या खालच्या अंगाचा गाळ तपासणीवाचून शेतात पसरू नये. ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी नमुना पाठविताना ‘जड धातूंसाठी’ असे स्पष्ट लिहावे. नेहमीच्या तपासणीत सामू व क्षार कळतात, पारा किंवा कॅडमियम कळत नाही.