प्रतिकृती आणि प्रतिरूपक

श्रावकाच्या बारा व्रतांतील तिसरे अणुव्रत अचौर्याचे. या व्रताला लागणारे पाच अतिचार आचार्यांनी सांगितले आहेत: चोराला प्रेरणा किंवा साहाय्य देणे, चोरीचा माल घेणे, राज्याच्या नियमांविरुद्ध व्यवहार करणे, खोटी वजने-मापे वापरणे आणि पाचवा प्रतिरूपकव्यवहार, म्हणजे अस्सलासारखा दिसणारा नकली माल अस्सल म्हणून खपविणे. उपासकदशांग सूत्रात आनंद श्रावकाच्या कथानकात हे अतिचार येतात, आणि प्रतिक्रमणात त्यांची आलोचना आजही होते. उच्चार नित्याचा झाला की अर्थाकडे दुर्लक्ष होते. त्या अर्थाची पुन्हा आठवण करून देणारा एक विषय वरवर पाहता धर्मचर्चेपासून फार दूरचा वाटेल. तो म्हणजे दूरचित्रवाणीवरील एखाद्या प्रसिद्ध मोटारीची हुबेहूब प्रतिकृती तयार करण्याचा छंद.

अशा मोटारींत दोन नावे अग्रभागी आहेत. पहिली ‘बॅटमॅन’ या अमेरिकी मालिकेतील बॅटमोबाइल. ही मालिका जानेवारी 1966 मध्ये सुरू झाली. मालिकेची मोटार मुळात नवी नव्हती. लिंकन कंपनीसाठी इटलीतील घिया या कारखान्याने 1955 मध्ये घडविलेली ‘फ्युचुरा’ ही प्रदर्शनाची मोटार जॉर्ज बॅरिस यांच्याकडे पडून होती. तिलाच काळा रंग, पंखांसारखे मागचे भाग आणि नवा मुखभाग देऊन अवघ्या काही आठवड्यांत बॅटमोबाइल तयार झाली. दुसरी मोटार 1982 ते 1986 या काळातील ‘नाइट रायडर’ मालिकेतील ‘किट’. पॉन्टिअॅक कंपनीच्या ट्रान्स अॅम या मोटारीवर ती उभी होती. तिच्या मुखाशी इकडून तिकडे सरकत जाणारा लाल प्रकाश आणि नायकाशी बोलणारा तिचा आवाज यांनी एका पिढीतील मुलांचे मन जिंकले.

या मोटारींच्या प्रतिकृती घडविणे हा जगभरातील अनेकांचा आयुष्यभराचा छंद आहे, आणि त्यामागे लागणारे कष्ट थोडे नाहीत. प्रथम त्याच वर्षाची, त्याच बनावटीची मूळ मोटार शोधावी लागते. मग मालिकेतील दृश्ये पुन्हा पुन्हा पाहून प्रत्येक वळणाचे माप काढावे लागते. वेगळा दिसणारा मुखभाग फायबर ग्लासचा करतात. आधी लाकूड, माती किंवा फोमचा नमुना घडवायचा, त्यावर मेणाचा हात फिरवायचा, त्यावरून साचा घ्यायचा, साच्यात काचतंतूंचे थर रेझिनमध्ये भिजवून बसवायचे, ते कडक झाले की भाग अलगद सोडवायचा आणि मग घासकाम करायचे. लाल प्रकाशासाठी दिव्यांची ओळ आणि ते क्रमाने उजळविणारे विद्युत्मंडल बसवावे लागते. चालकासमोरील पट्टीवरील एकेक कळ मूळ जागीच असली पाहिजे, असा या छंदातील लोकांचा आग्रह असतो.

यात एक मौज आहे. मूळ मोटारच मुळात देखावा होती. ‘किट’चा आवाज विल्यम डॅनियल्स या अभिनेत्याचा होता आणि तो नंतर जोडला जाई. मोटार आपोआप धावते असे दाखविताना खऱ्या चालकाला आसनाच्या आवरणामागे दडवून बसविले जाई. तरीही प्रेक्षकाची फसवणूक झाली असे कोणी म्हणत नाही, कारण नाटक हे नाटक म्हणूनच दाखविले गेले. असत्य केवळ रूपात नसते. ते कोणत्या नावाने पुढे केले जाते यात असते. प्रतिकृती आणि प्रतिरूपक यांतील सीमारेषा नेमकी इथे आहे.

प्रतिकृती करणे हे पुण्याला परके नाही. दिवाळीत वाड्यांच्या आणि सोसायट्यांच्या अंगणात मुले मातीचे सिंहगड, रायगड आणि प्रतापगड उभारतात. गणेशोत्सवात दगडूशेठ हलवाई गणपतीसमोर दरवर्षी एखाद्या प्रसिद्ध मंदिराची प्रतिकृती उभी राहते. 2023 मध्ये ती अयोध्येच्या राममंदिराची होती. कोथरूडमध्ये भाऊ जोशी यांनी आयुष्यभराच्या ध्यासातून उभारलेले लघुरेल्वेचे संग्रहालय 1998 पासून लोकांसाठी खुले आहे, आणि तिथे आजोबा नातवापेक्षा अधिक वेळ रमतात. जैन परंपरेत तर प्रतिकृतीला भक्तीचे स्थान आहे. कार्तिकी पौर्णिमेला ज्यांना पालिताण्यास जाणे शक्य नसते, ते आपल्या गावी शत्रुंजयाच्या पटाला वंदन करून यात्रेचा भाव जागवितात. पट म्हणजे प्रत्यक्ष गिरिराज नव्हे हे प्रत्येक भाविकाला ठाऊक असते. म्हणूनच त्या अनुकृतीत छल नाही, केवळ स्मरण आहे.

मग दोष कुठे शिरतो? व्यापारी कुटुंबाने हा प्रश्न तीन पायऱ्यांनी तपासावा असा आहे.

पहिली पायरी ग्राहकाची. मूळ बॅटमोबाइल जानेवारी 2013 मध्ये अमेरिकेतील लिलावात शुल्कासह 46 लाख डॉलरांहून अधिक किमतीस विकली गेली. तशीच दिसणारी प्रतिकृती कोणी मूळ म्हणून विकली तर तो उघड प्रतिरूपकव्यवहार होईल. मोटारींच्या संग्राहकांचे जग लहान आहे; परंतु हाच दोष नाना पेठेतील सुट्या भागांच्या दुकानात किंवा कोणत्याही गावच्या बाजारात रोज दार ठोठावतो. नामांकित कंपनीच्या वेष्टनात बांधलेला नकली ब्रेक-पॅड हा दिसायला अस्सलच असतो. दुकानदाराला त्यात चार पैसे अधिक सुटतात, आणि घाटाच्या उतारावर त्याची किंमत कोणी अनोळखी माणूस देतो. इथे अचौर्याचा भंग अहिंसेच्या भंगापर्यंत पोचतो. व्यापारचिन्ह कायदा, 1999 प्रमाणे खोट्या चिन्हाचा माल विकणाऱ्यास सहा महिने ते तीन वर्षे कारावास आणि 50 हजार ते 2 लाख रुपये दंड होऊ शकतो. पण कायद्याच्या आधी व्रत आहे. उलट, ‘हा भाग कंपनीचा नाही, स्थानिक बनावटीचा आहे, म्हणून स्वस्त आहे’ असे सांगून आणि बिलावर तसे लिहून विकणारा व्यापारी या अतिचारापासून मुक्त राहतो.

दुसरी पायरी मूळ निर्मात्याची. अनेक सज्जन इथे अडखळतात. ग्राहकाला सर्व खरे सांगितले, मग दोष कसला, असे त्यांना वाटते. कॅलिफोर्नियातील एका गॅरेजमालकाचे उदाहरण बोलके आहे. तो बॅटमोबाइलच्या प्रतिकृती तयार करून सुमारे 90 हजार डॉलरांना एक अशा विकत असे. घेणाऱ्याला ती प्रतिकृती आहे हे ठाऊक असे. तरी मूळ हक्कदार डीसी कॉमिक्स कंपनीने दावा लावला. अपील न्यायालयाने सप्टेंबर 2015 मध्ये ठरविले की बॅटमोबाइल ही केवळ वाहन नसून कथेतील एका पात्राप्रमाणे आहे आणि तिच्यावर निर्मात्याचा हक्क आहे. मार्च 2016 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याची याचिका ऐकण्यास नकार दिला. अमेरिकेतच दुसऱ्या एका कार्यशाळेने त्याच मोटारीच्या प्रतिकृती करण्याचा रीतसर परवाना घेतला आणि तेच काम उजळ माथ्याने केले. हात तेच, साचा तोच. फरक एवढाच की एकाने विचारले आणि दुसऱ्याने विचारले नाही. आपल्या परिभाषेत सांगायचे तर ग्राहकाची फसवणूक नसली तरी अदत्तादान, म्हणजे न दिलेले घेणे, उरतेच. भारतातही डिझाइन कायदा, 2000 प्रमाणे नोंदविलेल्या रूपाला 10 वर्षे आणि मुदतवाढ घेतल्यास आणखी 5 वर्षे संरक्षण मिळते. कपडा, दागिने, भांडी, खेळणी अशा व्यवसायांत असलेल्या कुटुंबांनी हे विसरू नये. दुसऱ्याच्या नव्या नक्षीचे छायाचित्र कारागिराकडे पाठवून ‘असेच करून दे’ म्हणणे किती सोपे झाले आहे!

विचारून, मोबदला देऊन आणि करार पाळून केलेले अनुकरण मात्र विद्या होते. याचे दाखले आपल्याच समाजात आहेत. सोलापूरच्या जैन कुटुंबात 1882 मध्ये जन्मलेले वालचंद हिराचंद यांनी 1944 मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना केली. आधी क्रायस्लर आणि पुढे फियाट यांच्याशी करार करून त्या कारखान्यात मोटारी बनू लागल्या. फियाट 1100 हीच पुढे प्रीमियर पद्मिनी झाली आणि मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हणून साऱ्या देशाला परिचित झाली. नवलमल फिरोदिया यांच्या पुढाकाराने 1958 मध्ये उभी राहिलेली बजाज टेम्पो कंपनी जर्मनीतील टेम्पो कारखान्याच्या सहकार्याने तीनचाकी वाहने करू लागली. आकुर्डीची हीच कंपनी आज फोर्स मोटर्स म्हणून ओळखली जाते. परक्याचा आराखडा समोर ठेवून हात शिकले, आणि शिकलेल्या हातांनी पुढे स्वतःचे घडविले.

परवान्यालाही सीमा असते, हे महिंद्र कंपनीच्या अनुभवावरून दिसते. विलीज जीप बनविण्याचा तिचा वारसा स्वातंत्र्याच्या काळापासूनचा. तरीही तिच्या ‘रॉक्सर’ या वाहनाचे रूप जीपसारखे असल्याची तक्रार 2018 मध्ये अमेरिकेत झाली, जून 2020 मध्ये तेथील व्यापार आयोगाने त्या रूपातील विक्रीस मनाई केली, आणि कंपनीला मुखभागाची रचना बदलावी लागली. करारात काय दिले आहे आणि काय दिलेले नाही, हे वाचून घेणे हाही अचौर्याचाच भाग होय.

तिसरी पायरी राज्याच्या नियमांची. समजा, पुण्यातील एखाद्या तरुणाने जुन्या मोटारीवर ‘किट’चे कवच चढविले. ती मोटार तो कर्वे रस्त्यावर चालवू शकेल काय? मोटार वाहन कायदा, 1988 च्या कलम 52 चा अर्थ लावताना सर्वोच्च न्यायालयाने 9 जानेवारी 2019 रोजी स्पष्ट केले की निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल वाहनात करता येणार नाही. नव्या बनावटीच्या वाहनाला रस्त्यावर येण्यापूर्वी मान्यताप्राप्त संस्थेची चाचणी उत्तीर्ण व्हावी लागते, आणि अशा संस्थांतील एक प्रमुख संस्था, एआरएआय, पुण्यातच कोथरूडच्या टेकडीवर आहे. योगायोग असा की तिची स्थापनाही बॅटमोबाइल पडद्यावर आली त्याच वर्षी, 1966 मध्ये झाली. ब्रेक, दिवे, धूर, आवाज आणि धडकेचा आघात यांची परीक्षा ही केवळ कागदी अडवणूक नव्हे. रस्त्यावरील इतर जीवांची ती काळजी आहे.

सांगली जिल्ह्यातील देवराष्ट्रे गावच्या एका कारागिराने दुचाकीचे आणि भंगारातील भाग जोडून, सुमारे 60 हजार रुपयांत, किक मारून सुरू होणारी छोटी जीपसारखी गाडी घडविली. डिसेंबर 2021 मध्ये आनंद महिंद्र यांनी तिचे कौतुक केले आणि त्याच वेळी नियमांत न बसल्याने ती गाडी रस्त्यावर टिकणार नाही हेही सांगितले. त्यांनी तिच्या बदल्यात बोलेरो देऊ केली आणि जानेवारी 2022 मध्ये ती त्या कुटुंबाच्या दारी आली. कौशल्याचा मान राखूनही नियम पाळता येतो, याचे हे जवळचे उदाहरण आहे.

म्हणून घरातील मुलाने किंवा मुलीने असा छंद धरला तर वडीलधाऱ्यांनी ‘हा काय पोरखेळ’ म्हणून तो मोडू नये. ट्रान्स अॅमची लांबी सुमारे 4.8 मीटर, 1:18 प्रमाणात तिची प्रतिकृती साधारण 27 सेंटिमीटरची होते आणि अभ्यासाच्या टेबलावर मावते. जुन्या बाजारातून पत्रा, तापकीर गल्लीतून दिवे आणि तारा, आणि वर्षभराची चिकाटी, एवढ्या भांडवलावर मापन, विद्युत्विद्या आणि संयम तिन्ही शिकून होतात. पूर्ण आकाराची मोटारच करायची असेल तर ती प्रदर्शनासाठी, खासगी जागेत उभी राहावी. ती विकायची असेल तर आधी हक्कदाराची अनुमती घ्यावी. खर्चाची मर्यादाही आरंभीच ठरवावी, कारण हुबेहूबपणाला अंत नसतो आणि त्याच्या मागे लागलेली हौस केव्हा परिग्रह होते हे कळत नाही. परिमाण ठरवून केलेला छंद घराला जड होत नाही.

आणि तयार झालेल्या त्या छोट्या मोटारीखाली मुलाकडून एक पाटी लिहून घ्यावी: मूळ कोणाचे, प्रतिकृती कोणाची, वर्ष कोणते. उद्या तोच मुलगा दुकानाच्या गल्ल्यावर बसेल आणि एखादा पुरवठादार नामांकित वेष्टनातील स्वस्त माल त्याच्यासमोर ठेवील. खरे नाव लिहिण्याची सवय ज्या हाताला लागली आहे, तो हात तो माल परत करील.