रश्शात पाणी नको!

कोल्हापुरात अवचित पाहुणे आले तर पाटावर पाट वाढतो; पण म्हणून तांबड्या रश्शात तांब्याभर पाणी ओतले, तर त्या घराचे नाव गल्लीत निघते! घरोघरी सुरू झालेल्या यूट्यूबच्या धंद्यालाही हाच न्याय लागू आहे.

या धंद्याला हसू नका. जाहिरातींच्या उत्पन्नात वाटा हवा, तर साधारणपणे १००० सबस्क्रायबर, म्हणजे वर्गणी न देणारे वर्गणीदार, आणि वर्षभरात ४००० तास पाहिले गेलेले व्हिडिओ लागतात. मग चिरंजीव आठवड्याला एकाचे पाच व्हिडिओ करू लागतात. सोमवारचाच विषय गुरुवारी नवा मथळा लावून येतो आणि प्रेक्षक दुसऱ्या मिनिटाला उठून जातो. वास्तविक व्हिडिओ किती जणांनी उघडला यापेक्षा किती वेळ पाहिला, याला यूट्यूबने २०१२ पासूनच अधिक महत्त्व दिले आहे. तेव्हा पातळ रस्सा हिशेबातही परवडत नाही.

मग धंदा वाढवूच नये काय? अवश्य वाढवावा, पण ‘प्रभात’सारखा! बाबूराव पेंटरांच्या तालमीत तयार झालेले शांताराम, दामले, फत्तेलाल आणि धायबर यांनी सीतारामपंत कुलकर्णींना घेऊन १९२९ साली कोल्हापुरात ही कंपनी काढली. दिग्दर्शन, ध्वनी, कला, छायाचित्रण, भांडवल अशी कामे पाच जणांत वाटली गेली. १९३२ साली ‘अयोध्येचा राजा’ हा बोलपट आला. १९३३ साली कंपनी पुण्यास गेली. पुढे १९३६ चा ‘संत तुकाराम’ दामले-फत्तेलालांनी दिग्दर्शित केला आणि १९३७ साली व्हेनिसला त्याचा गौरव झाला. दिग्दर्शनाचा सारा भार एकट्या शांतारामांवर राहिला नव्हता, हे ध्यानात घ्या.

तात्पर्य, आधी हात वाढवावेत, मग संख्या. विषय शोधणे, चित्रण, काटछाट आणि प्रेक्षकांना उत्तरे हे सारे एकच माणूस करीत असेल, तर आठवड्याला एक व्हिडिओ पुरे. काटछाट धाकट्या बहिणीला नीट शिकवावी, तिच्या कामाचा मोबदलाही द्यावा. मग दुसऱ्याचा विचार करावा. आणि “हा आज नको, अजून जमला नाही,” असे म्हणण्याचा अधिकार घरातल्या एकाला तरी असावा. तो अधिकार आईकडे दिलात तर उत्तम. बिघडलेल्या चकल्या पाहुण्यांपुढे न ठेवण्याचा अनुभव तिच्याइतका कोणाला आहे?