सपाट रेषा रिकामी नसते



रविवारच्या उपासनेचे रेकॉर्डिंग ऑडॅसिटीमध्ये नीटनेटके करून घरी असलेल्या आजारी व वृद्ध सभासदांना मोबाईलवर पाठवण्याची सेवा आम्ही काहीजण करतो. गेल्या महिन्यात या सेवेत आमची एक चूक झाली.

आम्ही कंट्रोल आणि एफ ही बटणे दाबली. तासाभराची उपासना पडद्याच्या रुंदीत मावली. मध्यस्थीच्या प्रार्थनेत एके ठिकाणी लहरी थांबून सपाट रेषा दिसत होती. तेथे काहीच नाही असे समजून आम्ही ते अर्धे मिनिट कापले.

मंगळवारी अंथरुणाला खिळलेल्या एका आजींचा फोन आला. "बाळांनो, पाळकसाहेब थांबतात तेव्हा मी माझ्या लेकाचं नाव घेते. या वेळी नाव ओठांवर येईतो आमेन झालं."

मूळ फाईल ठेवलेली होती. प्रार्थनेचा भाग निवडून कंट्रोल आणि ई दाबले, तसा तो पडदाभर पसरला. ट्रॅकची खालची कड ओढून उंची वाढवली आणि डावीकडच्या मोजपट्टीवरून उभा झूम केला. रेषेत बारीक लहरी होत्या. हेडफोन लावून ऐकले, तर बाकांवरची कुजबुज होती, एक हुंदकाही होता. मंडळी प्रार्थना करीत होती.

झूम केल्याने किंवा ट्रॅक उंच केल्याने आवाज तसूभरही वाढत नाही. बदलते ते आपले पाहणे. दुरून पाहिले की प्रार्थना रिकामी दिसते. फार जवळून पाहिले की वक्त्याचा प्रत्येक श्वास दोष वाटतो आणि कुसळाचे मुसळ होते.

म्हणून आमचे स्पष्ट मत आहे की माईकची खरखर खुशाल काढावी, पण प्रार्थनेतील शांतता नुसती पाहून कापू नये. आधी ती ऐकावी. फाईल मोठी होईल म्हणाल, तर १२८ केबीपीएसच्या एमपी३मध्ये अर्धे मिनिट अर्ध्या एमबीतच बसते.

होरेब डोंगरावर एलीयाला परमेश्वर वाऱ्यात, भूकंपात वा अग्नीत भेटला नाही. त्यानंतरच्या मंद वाणीत भेटला. ती वाणी आमच्या पडद्यावर सपाट रेषाच दिसली असती.

आजींना आम्ही पूर्ण प्रार्थना पुन्हा पाठवली. त्यांच्या लेकासाठी आपणही प्रार्थना करावी.

प्रभू आपणांस आशीर्वाद देवो. आमेन.